लांब मानेची मरिया

मोजा, मोजा. लाजू नका. माझ्यासमोर येणारा प्रत्येक माणूस आधी मान मोजतो आणि मग हात जोडतो. साडेचारशे वर्षं हेच बघतेय.

मी एक चित्र आहे. पॉप्लर झाडाच्या लाकडाच्या पाच फळ्या, त्यांवर सरसात कालवलेली पांढरी माती, तिच्यावर तेलातले रंग. उंचीला दीड पुरुष. माझ्यावर बायबलातला एक साधा प्रसंग काढलाय. पोटुशी मरिया डोंगर चढून आपल्या नात्यातल्या अलीशिबेला भेटायला येते. अलीशिबा म्हातारी, पण तीही पोटुशी. दोघी दारात एकमेकींना मिठी मारतात. एवढंच. दोन गरोदर बायका दारात भेटल्या, यात न कळण्यासारखं काय आहे? पण माझा चित्रकार, मायेस्त्रो फाउस्तिनो, याच्या हातात सोपी गोष्ट सोपी राहील तर शपथ.

त्या काळी शहरातल्या चित्रकारांना खूळच लागलं होतं. आधीच्या पिढीनं माणूस हुबेहूब काढून ठेवलेला. मग यांनी नवीन काय काढायचं? लागले ओढायला. बोटं ओढली, मान ओढली, कंबर धुणं पिळावं तशी पिळली. झाडाचं पान हलत नाही, पण झगे उडतायत. माझ्या मरियेचा झगा कच्च्या सफरचंदासारखा हिरवा, बाह्या गुलाबी, आणि सावली पडली तिथं जांभळा. असा झगा घालून कोणी रस्त्यानं गेली असती तर कुत्री मागे लागली असती.

आणि मान! कानापासून खांद्यापर्यंत चांगली दोन वीत.

अलीशिबेच्या तोंडासाठी त्यानं आपली स्वयंपाकीण बेत्ता समोर बसवली होती. पन्नाशीची, जाडजूड, हातात पळी नसली की हात कुठं ठेवावे हे न कळणारी बाई. तोंड तिचं घेतलं, त्याबरोबर जीभही लागली मला. म्हणून मी बोलते ही अशी. गोड बोलणारी चित्रं दुसऱ्या भिंतीवर बघा.

"मालक," बेत्ता बसल्या बसल्या म्हणाली, "एवढी मान असली तर सकाळचा घास पोटात पोचायला संध्याकाळ होईल."

"बेत्ता, ती मान नाही. हस्तिदंताचा मनोरा आहे. शनिवारी चर्चमध्ये मरियेला काय काय नावं घेऊन हाक मारता तुम्ही? त्यात हस्तिदंताचा मनोरा म्हणता की नाही?"

"म्हणतो. पण आम्ही लॅटिनमध्ये म्हणतो. आम्हांला काय माहीत काय म्हणतो ते."

मग त्यानं पायरीवर एक गोगलगाय काढली. गोगलगाय नुसत्या दंवानं गाभण राहते असं शहाण्या लोकांचं म्हणणं, म्हणून ती कुमारी मातेची खूण. बेत्ता म्हणाली, "माझ्या कोबीवरची तर मिठानं मरते." मागे एक मोडका खांब काढला, जुनं युग संपलं म्हणून. सगळ्याला अर्थ होता. फक्त एका गोष्टीला नव्हता. माझ्यात माणसं पाच आहेत. मरिया, अलीशिबा, दोघींचे नवरे आणि एक मोलकरीण. पाय मात्र अकरा आहेत. खालच्या कोपऱ्यात जागा रिकामी वाटली म्हणून मायेस्त्रोनं एक सुंदर पाय काढला आणि तो कुणाचा हे ठरवायचं राहून गेलं. लाज वाटली का त्याला? छे. म्हणाला, "डौल आहे डौल!"

मला विकत घेणारे होते व्हेनिसमधले हमाल. सगळे वाल्सेर्ता गावचे, वरच्या डोंगरातले. पोटासाठी शहरात पिंपं वाहायचे आणि वर्षाची शिल्लक गावच्या चर्चला पाठवायचे. त्यांनी सांगितलं होतं, चित्र मोठं हवं आणि सोनं भरपूर हवं. सोनं नव्हतंच. मला बघून त्यांनी आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं सोनं शोधलं. शेवटी त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला, "मोठं आहे बाकी." आणि मला पाठीवर घेतलं. सात दिवसांची चढण. माझ्याखाली वाकून चालणाऱ्यांना माझी मान दिसली नाही, म्हणून तेवढे सात दिवस मला कोणी हसलं नाही.

वाल्सेर्ताला पोचले आणि मला कळलं की माझी मान योग्य ठिकाणी आलीय.

त्या खोऱ्यात गलगंड म्हणजे नाकासारखी गोष्ट. असायचाच. कुणाचा अक्रोडाएवढा, कुणाचा सलगमाएवढा, आणि पोमिना सुईणीचा तर चांगल्या पावाच्या गोळ्याएवढा. लोक म्हणायचे बर्फाच्या पाण्यानं होतो. घशाचा संत बियाजो चर्चच्या डाव्या कोनाड्यात होता, त्याच्या मेणबत्त्या गळ्याला लावून झाल्या होत्या, गाठी तिथंच. मग मी आले. बायकांनी माझ्याकडे वर पाहिलं. दोन वीत मान, गुळगुळीत, एक गाठ नाही.

"हिच्याकडे मान शिल्लक आहे," पोमिना सगळ्यांच्या देखत म्हणाली. "हिला मागायची."

झालं. मायेस्त्रोचा हस्तिदंताचा मनोरा गेला खड्ड्यात. बायका शिडी लावून वर चढायच्या, मरियेच्या कानापासून खांद्यापर्यंत रेशमी फीत धरायच्या, तेवढीच कापायच्या आणि नऊ दिवस आपल्या गळ्याला गुंडाळायच्या. लांब मानेची फीत, त्यामुळे गाठीवरूनही वेढा पुरायचा. बियाजोकडे कोणी फिरकेना. त्याचा चेहरा लाकडाचाच होता, तरी मला वाटायचं की उतरलाय.

या फिती विकायला खालच्या सपाटीवरून एक फेरीवाला यायचा, तोमे. तिशीचा, बडबड्या, पाठीवर पेटी. सपाटीवरचा असल्यामुळे त्याची मान आपली साधी, उघडी. चर्चच्या दारात बसून तो फिती विकायचा आणि त्याच दारात त्याचा जीव पोमिनाच्या लेकीवर जडला.

आग्नेसा बावीस वर्षांची. आईसारखीच धारदार. काळी दाट वेणी, हसली तर चर्चमधली कबुतरं उडायची. पण गळ्याला बाराही महिने लोकरीचा पट्टा, कारण खाली डाव्या बाजूला अंड्याएवढी गाठ. इतर पोरी गाठ उघडी टाकून खुशाल हिंडायच्या. ही मात्र लहानपणी एकदा आईबरोबर खाली जत्रेला गेली होती. तिथल्या पोरांनी तिला बघून गळ्याखाली पिशवी लोंबणाऱ्या टर्की कोंबड्याचा आवाज काढला होता. तेव्हापासून पट्टा.

"आग्नेसा, माझ्याशी लग्न कर," तोमे म्हणाला.

"करीन. मान उतरली की."

"मला तुझी मान आहे तशी चालते गं."

"तुला चालते. तुझ्या गावाला चालेल का? मी उघड्या गळ्यानं वेदीसमोर उभी राहणार आणि तुझे सपाटीवरचे पाहुणे टर्कीसारखे ओरडणार. नको. आधी मान, मग लग्न."

आणि ती फीत मोजायला शिडीवर चढली. तोमेनं तिला सगळ्यात चांगली निळी फीत दिली. अशी तीन वर्षं गेली. दर चार महिन्यांनी तोमे यायचा, नवी फीत द्यायचा, आग्नेसा शिडी चढायची, गाठ तिथंच. मी वरून बघत होते. एवढी मोठी मान घेऊन उभी होते, आणि माझ्या हातून त्या पोरीचं तिळभर काम होत नव्हतं. काय करणार? मी चित्र. माझी मान तरी खरी कुठं होती?

पोमिना भडकायची. "अरे तोमे, तू फिती विकणं बंद कर म्हणजे लग्न होईल तुझं!"

"मावशी, विकल्या नाहीत तर मी इथं येऊ कोणत्या निमित्तानं?"

"निमित्त! सरळ दारात येऊन बस. मी झाडूनं मारीन, पण घरी आला असं तरी होईल."

असं सगळं चाललं असताना बिशपांचा तपासनीस आला.

त्या सुमाराला मोठ्या धर्मसभेनं ठरवलं होतं की चर्चमधलं चित्र अडाण्यालाही नीट कळलं पाहिजे, उगाच वाकडंतिकडं नको. म्हणून गावोगाव तपासणी. मोन्सिन्योर लात्तान्झियो खेचरावरून उतरले ते गुडघे धरूनच. मेणबत्त्या तपासल्या, कोळिष्टकं तपासली, पेटीच्या किल्ल्या तपासल्या. मग माझ्यासमोर आले आणि थांबले.

"ही मान आहे की बगळा?"

आमचे पाद्री गाउदेन्झो पुढे झाले. भला माणूस. त्यांच्याही गळ्यात लिंबाएवढी गाठ. "महाराज, हस्तिदंताचा मनोरा आहे तो. प्रार्थनेत म्हणतो ना आपण."

"मनोरा प्रार्थनेत ठेवा. खांद्यावर नको. आणि या फितींचे धागे कसले लोंबतायत?"

पोमिना बोलली, "बायका गळ्यासाठी माप घेतात, महाराज."

"माप? देवाच्या आईचं माप? शिंपिणी आहात का तुम्ही?" मग त्यांची नजर खाली गेली. त्यांनी पाय मोजायला सुरुवात केली. एकदा मोजले, परत मोजले. "हा कुणाचा?"

"ज्याचा असेल तो येऊन नेईल, महाराज," पोमिना म्हणाली.

पाद्रीबाबांना खोकल्याची उबळ आली. मोन्सिन्योरांनी लेखनिकाला बोलावून हुकूम लिहवला. शिडी जाळून टाकावी. मरियेची मान लहान करावी, एखाद्या देवभीरू बाईची असते तशी. गावानंच करून घ्यावी, मरिया-अलीशिबेच्या भेटीचा सण येतो त्याच्या आत. पायाचं काय करावं हे त्यांना सुचलं नाही, म्हणून पाय वाचला.

त्या संध्याकाळी आग्नेसा माझ्यासमोर येऊन बसली. रडली नाही, ती रडणारी नव्हती. नुसती म्हणाली, "चला. आता हिचीच मान जाणार, मग माझी कुठून येणार?" आणि पट्टा आणखी एक वेढा घट्ट केला. तोमे दारात उभा होता. त्याला कळलं की तीन वर्षांत पहिल्यांदाच तिनं 'मान उतरली की करीन' म्हटलं नाही. त्यानं पेटी उचलली. जाताना एवढंच म्हणाला, "सणाला येईन. शेवटचा."

गावात चित्रकार म्हणावा असा एकच. बोर्तोलो. लग्नाच्या पेट्या, पाळणे, खानावळीच्या पाट्या रंगवायचा. गाय काढली तर गायच दिसायची, एवढा प्रामाणिक. त्याला मायेस्त्रोचं काम पुसायचं म्हणजे घाम फुटला.

"पाद्रीबाबा, देवभीरू बाईची मान म्हणजे नेमकी कशी काढू?"

"अरे, त्यात काय एवढं! तुझ्या आईची असते तशी. तुझ्या बायकोची असते तशी. रविवारी चर्चमध्ये नीट बघून घे."

बोर्तोलोनं नीट बघून घेतलं. लागोपाठ दोन रविवार खांबाआड उभा राहून पाटीवर कोळशानं मानांचे नमुने उतरवले. बायकांना वाटलं याला वेड लागलं. मग माझ्यावर पडदा टाकून आठ दिवस खपला. त्याचा कुंचला जाड, रंगात तेल जास्त, आणि काम करताना तो बायकोची मागावी तशी मरियेची माफी मागायचा. "थोडं दुखेल हं, आई. जरा वर बघ." त्यानं दोन्ही खांदे वर चढवले, गुलाबी बाही वर ओढली, लांब मान बुजवली. आणि राहिलेल्या वीतभर मानेवर, दोन रविवारांत बघितलेली प्रत्येक गोष्ट त्यानं इमानानं काढली.

पाद्रीबाबांनी पडद्याआडून पाहिलं आणि खूश झाले. "वा! अगदी खरी बाई वाटते." त्यांना काहीच वेगळं दिसलं नाही. कसं दिसणार? सकाळी दाढी करताना रोज तेच बघायचे. त्यांनी बिशपांना पत्र लिहिलं, "हुकुमाप्रमाणे मान लहान केली असून ती आता इथल्या देवभीरू बायकांसारखी आहे." अक्षर न् अक्षर खरं.

भेटीचा सण. चर्च गच्च भरलेलं. तोमे मागे दाराशी, पेटी पाठीवरच, जायच्या तयारीनं. पडदा ओढला.

लोकांनी वर पाहिलं, बरं वाटलं, मान डोलावली. कुणालाही खटकलं नाही. फक्त सपाटीवरचा तो एकटा माणूस, तोमे, मोठ्यानं म्हणाला, "अहो! हिला गलगंड झालाय!"

मग दोनशे माणसांनी एकदम परत वर पाहिलं. आणि आता दिसलं. मरियेच्या गळ्यात, डाव्या बाजूला, अंड्याएवढी गोल, गुलाबी, नीट सावली दिलेली गाठ. बोर्तोलोचा चेहरा पांढराफटक. "मी... तुम्हीच म्हणालात, बाबा, आजूबाजूला बघ म्हणून..." पाद्रीबाबांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला.

तिसऱ्या बाकावर आग्नेसा उभी राहिली.

"आई," ती म्हणाली. आवाज असा, की मला सबंध जन्मात तसा दुसरा ऐकू आला नाही. "हिला पण?"

पोमिनानं एक क्षणही घेतला नाही. माझ्याकडे बोट करून ठणकावून बोलली, "मग? काय नवल आहे? डोंगर चढून आली ना ती अलीशिबेकडे? तीन महिने राहिली तिथं, पुस्तकातच लिहिलंय. तीन महिने डोंगरातलं पाणी प्यायल्यावर दुसरं काय होणार?"

आधी कोपऱ्यातली एक म्हातारी हसली. मग सगळं चर्च हसलं. असं हसलं की बियाजोसुद्धा कोनाड्यात हलल्यासारखा वाटला. कबुतरं उडाली. कारण हसणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज आग्नेसाचा होता. हसता हसता तिनं गळ्याचा पट्टा सोडला, आतली निळी फीत सोडली, दोन्ही बाकावर ठेवली. उघड्या गळ्यानं मधल्या वाटेनं चालत दाराशी गेली. तोमे तोंड उघडं टाकून उभा.

"मिटव ते. माशी जाईल," ती म्हणाली. "आणि पेटी उतरव. पाद्रीबाबांना सांग, येत्या रविवारपासून लग्नाचा पुकारा करा. तीन रविवार लागतात."

"आणि मान?"

"मान आहे ना. बघ की." आणि तिनं गळा वर केला.

"माझे पाहुणे टर्कीसारखे ओरडले तर?"

"ओरडू दे. तू त्यांना इथं आण, या चित्राखाली उभं कर, आणि मग ओरडायला सांग. बघू कुणाची हिंमत होते."

पाहुणे आले. वर पाहिलं. कुणी ओरडलं नाही. तोमेची आई तर लग्न होईपर्यंत गुडघ्यांवरच होती.

मोन्सिन्योर परत कधी आले नाहीत. गुडघे. मी मात्र पुढं तीनशे वर्षं त्या खोऱ्यातल्या सगळ्या नवऱ्या पाहिल्या. फीत आता कोणी मानेला लावत नव्हतं. लग्नाच्या दिवशी नवरी माझ्यासमोर गळ्याची ओढणी सोडायची, वर बघायची आणि फीत त्या अकराव्या पायापाशी ठोकलेल्या खिळ्याला बांधायची. शेवटी त्या पायाला मालक मिळाला. पोमिना म्हणायची तो देवदूताचा, दाराआड लपून दोघींचं बोलणं ऐकतोय.

मग मिठात काहीतरी घालायला लागले आणि गलगंड गेले. पोरी साध्या मानांच्या व्हायला लागल्या. चांगलं झालं, मला काही त्याचं दुःख नाही. पण मरियेच्या गळ्यातली गाठ म्हणजे काय हे कुणाला कळेना. ओलीनं रंग फुगलाय म्हणाले. मेणबत्त्यांच्या काजळीनं मी काळी झाले, एका पाद्र्यानं माझ्यासमोर कपाट लावलं, उंदरांनी खालची फळी कुरतडली. पायरीवरची गोगलगाय तेवढी राहिली. तिला खायला कुणाचा कोबी नव्हता.

आता मला शहरात आणलंय. उजेडाच्या खोलीत टेबलावर आडवी ठेवलीय. यंत्रानं आतलं सगळं बघितलं. आत मायेस्त्रोची ती दोन वीत मान अजून शाबूत आहे म्हणे. एक प्रोफेसर आले, मोठे जाणकार, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"केवढा डौल! आणि त्यावर कुणा गावठी रंगाऱ्यानं ही घाण केली. काढून टाका, नोर्मा. सोमवारी सुरू करा."

नोर्मा म्हणजे मला साफ करणारी बाई. पन्नाशीची, हातात कापसाची काडी. तिचं आडनाव मी कागदावर वाचलं. आमच्या खोऱ्यातलं आहे. प्रोफेसरांना तिनं दारापर्यंत पोचवलं. ते गेल्यावर माझ्यावर वाकली, चष्मा वर केला आणि स्वतःशीच म्हणाली, "माझ्या आजीला अशीच होती. याच बाजूला."

काडी खाली ठेवली तिनं. निदान आज तरी.

तर नोर्मा, ऐक. तू बाई आहेस, मीही बाई आहे, आडपडदा नको. मायेस्त्रोची मान सुंदर आहे. मला ठाऊक आहे, मी वर्षानुवर्षं वागवलीय ती. पण ती मान घेऊन मी तीन वर्षं आग्नेसाकडे नुसती बघत उभी होते. या गाठीनं एका सकाळी तिचं लग्न लावलं. सोमवारी प्रोफेसर आले की त्यांना सांग, डौल पाहिजे असेल तर खाली पायाकडे बघा. तो पाय हवा तेवढा धुवा, कुणाची हरकत नाही.

पण माझ्या गळ्याला हात लावायचा नाही. मी डोंगरातलं पाणी प्यायलेय.